बालविभागातून थेट कार्यकारी मंडळात: उभं राहावं का, आणि राहिलं तर कसं?

प्रश्न शिकागोच्या उपनगरातून आला आहे. विचारणारी मराठी आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात ती ग्रंथपाल आहे. राज्याच्या ग्रंथालय संघटनेच्या नामनिर्देशन समितीने तिला कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीला उभी राहशील का, असं विचारलं आहे. ती लिहिते: "ताई, मी गोष्टी सांगते, समर रीडिंग चालवते. बजेटातलं मला काय कळतं? डायरेक्टर म्हणतात, उभी राहा, पण डेस्क कोण सांभाळणार ते तूच सांग. आणि एवढं करून आमच्या विभागाचं काही भलं होईल का?"

उभी राहा. आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बालविभागातले लोक मंडळावर जाऊन हिरमुसतात ते बहुधा याच मुद्द्यावर.

निवडून आलीस की तू बालविभागाची प्रतिनिधी उरत नाहीस. अमेरिकेत ना-नफा संस्थेच्या संचालकावर, म्हणजे मंडळाच्या सदस्यावर, कायद्यानेच काही जबाबदाऱ्या येतात. निर्णय घेण्याआधी कागद वाचायचे आणि प्रश्न विचारायचे, ही एक. दुसरी म्हणजे निष्ठा संस्थेशी ठेवायची. स्वतःचा फायदा, आपलं ग्रंथालय, आपली मित्रमंडळी किंवा आपला विभाग त्या खोलीत दुय्यम ठरतात. 'मी मुलांच्या ग्रंथपालांचा आवाज होईन' असं प्रचारात म्हणणं सोपं असतं. पहिल्याच बैठकीत त्या वाक्याची अडचण व्हायला लागते.

तुझ्याच राज्यातलं उदाहरण घे. आयरीड हा उन्हाळी वाचनाचा कार्यक्रम इलिनॉय लायब्ररी असोसिएशन १९८१पासून चालवते. दर वर्षी नवा विषय, नवी चित्रं, पोस्टरं, वाचनाच्या नोंदीचे तक्ते, बक्षिसाच्या लहानसहान वस्तू आणि ग्रंथपालांसाठी मार्गदर्शिका. इलिनॉयबाहेरची ग्रंथालयंही हे साहित्य विकत घेतात. गेल्या वर्षीचे उरलेले बुकमार्क तुझ्या कपाटात असतीलच. आता समज, छपाई महागली म्हणून किमती वाढवायचा प्रस्ताव मंडळापुढे आला. बालविभागाची ग्रंथपाल म्हणून तू म्हणशील, वाढवू नका, आमचं बजेट आधीच तोकडं आहे. संचालक म्हणून तुला विचारावं लागेल, की या विक्रीतून संघटनेला काय उरतं, त्या पैशावर कोणती कामं चालतात, आणि किंमत वाढवली नाही तर त्यातलं कोणतं बंद पडेल. शेवटी तू कदाचित वाढीच्या बाजूने हात वर करशील. तुझ्याच मैत्रिणी मग परिषदेत कॉफीच्या रांगेत तुला गाठून जाब विचारतील.

मग तुझं तिथे काम काय? तुझ्याकडची माहिती. जिथे एकच बाई डायरेक्टर आहे, तीच मंगळवारी सकाळी स्टोरीटाइम घेते आणि हिवाळ्यात दारातला बर्फही तीच काढते, अशा गावातलं ग्रंथालय किंमत वाढल्यावर आधी काय सोडून देईल, हे त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. विद्यापीठाच्या ग्रंथपालाला नाही आणि संगणकप्रणाली सांभाळणाऱ्यालाही नाही. ते तू नीट मांडलंस तर कदाचित सरसकट वाढ न होता लहान ग्रंथालयांसाठी वेगळा दर निघेल. विभागाचं भलं होतं ते असं, आडवाटेने. 'आमच्यासाठी काय?' असं विचारून ते होत नाही.

गोड कामं आणि कडू कामं

मुलांचं काम करणाऱ्यांना संघटनेत फार लाडाने वागवतात, आणि मला हा लाडच खटकतो. स्वागत समितीत या, सजावट बघा, लेखकाच्या स्वाक्षरीची रांग लावा, पुरस्काराच्या समितीत बसा. अंदाजपत्रक, उपविधी, कार्यकारी संचालकाचं मूल्यमापन, विमा ही कामं कुणीतरी दुसरंच करतं. त्यात नेहमी कुणाचा डाव असतो असं नाही. आपण ही कामं मागत नाही आणि ते देत नाहीत, एवढंच.

इतिहास मात्र उलटं सांगतो. अमेरिकेत मुलांच्या ग्रंथपालांनी स्वतःची संघटना बांधली ती फार लवकर. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १८७६ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. १९०० साली तिच्या मॉन्ट्रियलच्या अधिवेशनात मुलांच्या ग्रंथपालांनी आपला एक क्लब काढला आणि वर्षभरात त्याचा अधिकृत विभाग झाला. पहिली अध्यक्ष ॲन कॅरल मूर. पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं मुलांचं सगळं काम १९०६ ते १९४१ तिच्या हाताखाली चाललं. १९२१ साली फ्रेडरिक मेल्चर या प्रकाशन व्यवसायातल्या माणसाने बालसाहित्यासाठी पदक द्यावं अशी कल्पना मांडली, ती याच ग्रंथपालांच्या सभेत. पुढच्याच वर्षी पहिलं न्यूबेरी पदक दिलं गेलं. चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक १९३८ साली आलं. पुस्तकांवर दिसणाऱ्या त्या सोनेरी-रुपेरी मोहरांचे स्टिकर संघटना विकते, म्हणजे पदकाच्या कौतुकामागे विक्रीचं एक खातंही आहे. पुरस्कार समितीत बसायला अनेक जणी जीव टाकतात. त्या खात्याकडे बघायला फारसं कुणी जात नाही.

शिकागोतली शार्लमे हिल रोलिन्स मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. १९२७ साली ती शिकागो पब्लिक लायब्ररीत लागली आणि १९३२पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६३पर्यंत, जॉर्ज क्लीव्हलँड हॉल शाखेत मुलांचा विभाग सांभाळत राहिली. त्या काळात मुलांच्या पुस्तकांत काळी माणसं दिसलीच तर विदूषक किंवा नोकर म्हणून दिसत. तिने कोणती पुस्तकं घ्यावीत आणि का, याची टिपणांसह यादी केली. ती १९४१ साली प्रसिद्ध झाली आणि देशभरच्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी वापरली. १९५७ साली ती अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या बालसेवा विभागाची अध्यक्ष झाली. त्या पदावरची ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. यातला क्रम बघ. शाखेतलं काम आधी, त्यातून आलेली यादी मग, आणि पद सगळ्यात शेवटी. तिला पदाची गरज होती त्यापेक्षा त्या पदाला तिच्या कामाची गरज जास्त होती.

कार्ला हेडन यांचीही सुरुवात शिकागोतच झाली, मुलांना गोष्टी सांगण्यापासून. त्या २००३-०४ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या आणि २०१६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख झाल्या. 'गोष्टी सांगणारीला बजेट कळत नाही' असं पुन्हा कुणी म्हणालं तर हे नाव सांग आणि पुढे चाल.

बजेटातलं तुला कळतं

समर रीडिंगला किती मुलं आली, त्यातली किती शेवटपर्यंत टिकली, एका मुलामागे खर्च किती, जादूगाराचे पैसे कुठून आले, फ्रेंड्स ऑफ द लायब्ररीने, म्हणजे ग्रंथालयाला मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाने, किती दिले, अनुदानाचा हिशेब कधी पाठवायचा, हे सगळं तू करतेच आहेस. संघटनेचं बजेट म्हणजे हेच, शून्यं तेवढी वाढलेली. गणपती मंडळाची जमाखर्चाची वही ज्याने एकदा सांभाळली त्याला ताळेबंदाची भीती वाटायचं कारण नाही. वर्गणी किती जमली आणि मांडव काढल्यावर शिल्लक काय राहिली, इतकंच तर बघायचं.

होकार कळवण्याआधी संघटनेचं फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याकडे द्यायचं वार्षिक विवरणपत्र, वाच. करमाफी असलेल्या संस्थांना ते दर वर्षी भरावं लागतं आणि मागितलं तर कुणालाही दाखवावं लागतं. उत्पन्न सदस्यशुल्कातून किती, परिषदेतून किती आणि विक्रीतून किती, ते बघ. राखीव निधी किती महिने पुरेल ते बघ. पुष्कळ राज्य संघटनांचा संसार वार्षिक परिषदेवर चालतो. २०२०मध्ये प्रत्यक्ष परिषदा बंद पडल्या तेव्हा हा एकाच खांबावरचा तंबू किती डळमळतो ते सगळ्यांनी पाहिलं. मुलाखतीत किंवा मतदारांसमोर या विषयावर एक नेमका प्रश्न विचारलास तरी लोक तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतील.

सभेच्या नियमांचंही दडपण घेऊ नकोस. ठराव, अनुमोदन, दुरुस्ती, कोरम, इतिवृत्त हे सगळं तू मराठीत ऐकतच वाढलीस. इथे बहुतेक ठिकाणी रॉबर्ट्स रूल्स हे सभानियमांचं पुस्तक वापरतात. सैन्यातला हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचा अभियंता चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद घेऊन बसला आणि सभा त्याच्या हाताबाहेर गेली. त्या फजितीतून हे पुस्तक निघालं, तेही १८७६मध्येच, म्हणजे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्याच जन्मवर्षी. ज्याला सभा चालवता आली नाही त्याने सभाशास्त्र लिहिलं, याचा मला अजूनही फार आधार वाटतो.

हे मंडळ कोणतं, ते घरच्यांना आधी सांग

मराठी मंडळींत हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयाचं कार्यकारी मंडळ सभासद निवडतात, म्हणून 'लायब्ररीच्या निवडणुकीला उभी आहे' म्हटलं की पुण्यातल्या मावशीला तेच डोळ्यांसमोर येतं. तुझ्या गावच्या ग्रंथालयाचं विश्वस्त मंडळ वेगळं. इलिनॉयमध्ये अनेक ठिकाणी ते विश्वस्त नागरिकांच्या मतांनी, विषम वर्षांतल्या एप्रिलच्या स्थानिक निवडणुकीत निवडले जातात, आणि ते सार्वजनिक पद आहे. तू उभी राहतेस ती व्यावसायिक संघटना. मतदार म्हणजे तिचे सदस्य. मतदान बहुधा ऑनलाइन होतं. मानधन नसतं.

हा फरक बोलण्यापुरता नाही. संघटनेला धर्मादाय संस्थेची, म्हणजे ५०१(सी)(३) प्रकारची, करमाफी असेल तर तिला सार्वजनिक पदाच्या कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. विधेयकाबद्दल भूमिका घेता येते, मर्यादेत. उद्या गावातल्या विश्वस्तपदासाठी तुझ्या ओळखीचा चांगला माणूस उभा राहिला तर 'अमुक संघटनेची संचालक' म्हणून त्याच्या पत्रकावर नाव देऊ नकोस. आणि स्वतःच्या प्रचारासाठी ग्रंथालयाचा ईमेल किंवा फेसबुक पान वापरू नकोस.

या घडीला का

आता थोडं गंभीर. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ साली ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर, ती ग्रंथालयातून काढावीत म्हणून, आक्षेप घेतले गेले. आदल्या वर्षी हा आकडा २,५७१ होता. या आक्षेपांत मुलांची आणि किशोरांची पुस्तकं पुष्कळ असतात, आणि तक्रार घेऊन आलेला माणूस आधी उभा राहतो तो तुझ्या डेस्कसमोर. मंडळावरचे बाकीचे लोक याबद्दल वाचून बोलतात. तुझा तो गुरुवारचा दुपारचा अनुभव असतो.

संघटनेचे जुने कागद किती कामाचे ठरतात, हेही तुझ्याच राज्यात दिसलं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ साली ग्रंथालयांची हक्कांची सनद स्वीकारली. ग्रंथालय वापरण्याच्या हक्काला वयाची आडकाठी नसावी म्हणून 'वय' हा शब्द तिच्यात १९६७ साली घातला गेला. कुठल्यातरी सभेत, कुणीतरी मांडलेल्या मसुद्यात. २०२३च्या जून महिन्यात गव्हर्नर प्रिट्झकर यांनी शिकागोच्या हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयाच्या बालविभागात बसून एका कायद्यावर सही केली. राज्याचं अनुदान हवं असेल तर ग्रंथालयाने ती सनद स्वीकारावी, किंवा पुस्तकांवर बंदी न घालण्याचं स्वतःचं लेखी धोरण करावं, असं तो कायदा सांगतो. १ जानेवारी २०२४ रोजी तो लागू झाला. एका व्यावसायिक संघटनेच्या इतिवृत्तातला शब्द अनेक दशकांनी अनुदानाची अट झाला.

याची दुसरी बाजूही आहे. २०२३ सालीच माँटाना राज्याच्या ग्रंथालय आयोगाने अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमधून बाहेर पडायचं ठरवलं. निमित्त झालं असोसिएशनच्या अध्यक्षांनी समाजमाध्यमावर मांडलेल्या राजकीय मतांचं. म्हणजे मंडळावर बसलेल्याने आपल्या नावाने काय लिहिलं, याचा हिशेब संघटनेला चुकवावा लागू शकतो. तू समाजमाध्यमांवर मोकळेपणाने लिहीत असशील तर हे आधीच तोलून बघ. गप्प बस असं मी म्हणत नाही. मी स्वतः गप्प बसलेली नाही. पण किंमत माहीत असावी.

निवेदन, फोटो आणि नाव

उमेदवाराचं निवेदन मोजक्या शब्दांचं असतं. मुलांच्या ग्रंथपालांची निम्मी निवेदनं 'मला लहानपणापासून पुस्तकांची आवड' अशी सुरू होतात. ती खरीही असतात. पण सगळ्याच मतदारांना ती आवड आहे, तेव्हा त्यातून तुझ्याबद्दल काही कळत नाही. मला आवडेल असं एक निवेदन साधारण असं असेल: 'आमच्या विभागात उन्हाळ्यात दुपारी मुलांना जेवण देण्याचा कार्यक्रम मी शाळेच्या मदतीने उभा केला. त्यासाठी तीन संस्थांचे करार आणि एक अनुदान सांभाळलं. मंडळावर मला लहान ग्रंथालयांच्या सदस्यशुल्काची रचना पुन्हा तपासायची आहे.' एक केलेलं काम आणि एक करायचं काम. बस्स. हातात पपेट घेतलेला फोटो मात्र नको. पपेटवर माझाही जीव आहे, पण मत मागायच्या ठिकाणी तो तुला पुन्हा सजावट समितीकडेच नेऊन सोडतो.

नावाबद्दल. तुझं आडनाव इथल्या लोकांना उच्चारता येत नसेल तर निवेदनाच्या आधी एका छोट्या व्हिडिओत तूच ते शांतपणे म्हणून दाखव. नाव छाटू नकोस. आणि समितीला सरळ विचार, 'मला का विचारलं?' 'मंडळात आशियाई कुणी नाही' एवढंच उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचार: याआधी कोण उभं होतं आणि त्यांचं पुढे काय झालं? यादीत विविधता दिसावी म्हणून दर वर्षी एक नवं नाव उभं करायचं आणि पडल्यावर त्याला विसरायचं, असंही काही ठिकाणी चालतं. १९८०पासून काम करणाऱ्या एशियन पॅसिफिक अमेरिकन लायब्ररियन्स असोसिएशनमध्ये अशा निवडणुका लढलेल्या बायका भेटतील. त्यांच्याशी बोल.

पडलीस तर? अनेकदा एका जागेला दोनच नावं असतात, म्हणजे कुणीतरी पडणारच. त्यात नामुष्की काही नाही. निकालानंतर आठवड्याभरात नव्या अध्यक्षांना लिही, की अर्थ समितीत किंवा उपविधी समितीत जागा असेल तर मला काम करायला आवडेल. तू समिती मागितलीस आणि तीही अर्थ समिती, याचंच लोकांना आश्चर्य वाटतं.

डेस्क कोण सांभाळणार

डायरेक्टरांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तू एकटीने द्यायचं नाही. संघटनेकडून लेखी घे: वर्षाला बैठका किती, त्यातल्या प्रत्यक्ष किती, प्रवासखर्च कोण देणार, मुदत किती वर्षांची. राज्य मंडळांवर ती बहुधा तीन वर्षांची असते. हा कागद घेऊन डायरेक्टरांकडे जा आणि दोन गोष्टी ठरवून घे. बैठकीचे तास कामाच्या वेळात धरले जाणार का, आणि त्या दिवशी डेस्कवर कोण. तोंडी 'हो, बघू' चालणार नाही. डायरेक्टर बदलतात.

कॅलेंडर नीट बघ. राष्ट्रीय पातळीवर मुलांच्या ग्रंथपालांची जुनी तक्रार अशी, की अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन जूनच्या अखेरीस येतं, म्हणजे शाळा सुटून समर रीडिंगची झुंबड उडालेली असते नेमकी तेव्हा. सगळ्या देशातल्या ग्रंथपालांना ती तारीख चालते, आपल्यालाच नाही. आता बरंच काम ऑनलाइन होतं, म्हणून हे पूर्वीपेक्षा सोसतं. राज्य संघटनेची परिषद कोणत्या महिन्यात असते आणि अंदाजपत्रक कधी मंजूर होतं, ते विचार. अंदाजपत्रकाची बैठक जूनमध्ये असेल तर तुझे दोन्ही हात एकाच वेळी अडकणार. मग तुझ्या विभागातल्या दुसऱ्या कुणाला तरी नोंदणीचा आठवडा चालवायला आत्तापासून शिकव.

व्हिसाचं एक. तू अजून कामाच्या व्हिसावर असशील तर बिनपगारी संचालकपदाबद्दल आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घे, आणि विशेषतः प्रवासखर्चाखेरीज काही रक्कम मिळणार असेल तर. ग्रीन कार्ड झालं असेल तर हा परिच्छेद सोडून दे.

नवऱ्याला किंवा घरच्यांना सांगताना मात्र 'महिन्यातून एक मीटिंग' असं सांगू नकोस. मीटिंग एकच असते. तिच्या आधी वाचायचं पाकीट जाडजूड असतं, आणि ते न वाचताच बैठकीला येणारे दोघं-तिघं प्रत्येक मंडळात असतात. वाचून येणाऱ्याला थोड्याच दिवसांत खजिनदारपदाबद्दल विचारतात. तेव्हा हो म्हण.

समितीला उत्तर पाठवताना होकारासोबत उपविधींची प्रत, चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि मागच्या वर्षभराची इतिवृत्तं माग. द्यायला खळखळ केली तर मला पुन्हा लिही. मग आपण दुसऱ्या संघटनेचा विचार करू.